टोपी, उशी आणि सोबतची चिठ्ठी : कॅन्सरच्या काळातलं हातकाम

विणकाम, भरतकाम, चित्रकला यांनी कॅन्सर बरा होत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आजारी माणसाला उपाय सुचवणाऱ्यांची कधीच वाण नसते आणि त्यांच्या यादीत ‘रोज चित्र रंगवा, गाठ विरघळेल’ हेही असतं. गाठीवर काम करतात ती शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन आणि औषधं. हातकामाचा उपयोग दुसरीकडे आहे. रिपोर्ट यायचा असतो ते दिवस, सलाईन लावून बसून काढायचे तास, मध्यरात्री उघडलेले डोळे. अशा वेळी डोक्यात तेच ते विचार गरगरत राहतात. हातांना काही करायला मिळालं की त्यांचा वेग जरा उतरतो. कलेच्या आधाराने रुग्णांना मदत करण्याचे जे अभ्यास झाले, त्यांतही चिंता आणि उदासी काहीशी कमी झाल्याचं दिसलं आहे. त्याहून मोठा दावा कोणी केला तर तिथेच थांबवा.

आजारपणात रुग्ण स्वतःचं फारसं काही ठरवत नाही. तपासणी कधी, सुई कुठल्या हाताला, जेवायचं काय, भेटायला कोणी यायचं, सगळं दुसरे ठरवतात. अशा दिवसांत धागा निळा घ्यायचा की करडा, एवढंच ठरवायला मिळालं तरी बरं वाटतं. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांना हाच अनुभव आला. १९३८ मध्ये क्षयरोगातून उठत असताना सॅनेटोरियममध्ये पडल्यापडल्या त्यांनी चित्रं काढायला घेतली, मग तिथल्या इतर रुग्णांनाही शिकवली, आणि १९४२ साली ‘आर्ट थेरपी’ हा शब्द वापरात आणला. आज आर्ट थेरपिस्ट हा शिक्षण घेऊन करायचा व्यवसाय आहे. तुमच्या रुग्णालयात अशी सोय असेल तर जरूर घ्या. इथे बोलायचं आहे ते घरच्या घरी, स्वतःच्या हाताने करायच्या कामाबद्दल.

सुरुवातीलाच मनाशी एक खूणगाठ बांधून ठेवा : स्वतःला बरं वाटावं म्हणून करायचं काम वेगळं आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून करायचं काम वेगळं. पहिल्याला कसलाच दर्जा लागत नाही. ते वाकडं चालतं, अर्धवट चालतं, उसवून टाकलं तरी चालतं. दुसऱ्याला मात्र दर्जा काटेकोर लागतो, कारण ते एखाद्या सोललेल्या, दुखऱ्या, केस नसलेल्या शरीराला लागणार असतं. ही दोन्ही कामं एकात मिसळली की गडबड होते. केमोने थकलेल्या बाईवर ‘ऑक्टोबरपर्यंत वीस टोप्या’ असलं ओझं येऊन पडतं आणि मन रमवायला घेतलेलं काम छळायला लागतं.

आधी हातांकडे बघा

उपचार चालू असतील तर हातकाम निवडताना आवडीच्याही आधी शरीर विचारात घ्यावं लागतं. यावर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काही केमो औषधांनी बोटांना मुंग्या येतात, बधीरपणा येतो. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन ही त्यांतली नेहमीची नावं. बधीर बोटाला सुई टोचलेली कळतही नाही. अशा वेळी बारीक भरतकाम बाजूला ठेवा आणि जाड सुईचं, जाड धाग्याचं काम घ्या. क्रोशाच्या सुईची मूठ बारीक वाटत असेल तर तिच्यावर फोमची नळी चढवा किंवा कापडाची पट्टी गुंडाळा. जाड मूठ कमी जोरात धरता येते. ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असेल तर आणखी एक भानगड असते. गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या उठतात. सकाळच्या गारव्यात पडलेली स्टीलची कात्री किंवा ॲल्युमिनियमची सुई पुरेशी असते त्याला. लाकडी किंवा बांबूची सुई वापरा, आणि कात्रीच्या कड्यांवर कापड गुंडाळून घ्या.

कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्यांनी तळहात लाल होतात, सोलवटतात. त्या दिवसांत हाताला घासणारं कुठलंच काम नको. विणकामही नको, कारण धागा सतत एकाच बोटावरून सरकत असतो. त्याऐवजी जाड ब्रशने पाण्याचे रंग लावा, कागद फाडून चिकटचित्रं करा.

काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला लिम्फीडेमा, म्हणजे न उतरणारी सूज, येण्याचा धोका पुढे बराच काळ राहतो. विणकाम बंद करायला हवं असा याचा अर्थ नाही. शस्त्रक्रियेनंतर कधी सुरू करायचं ते सर्जनला किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच बसा, कोपराखाली उशी घ्या, मध्ये उठून हात फिरवा. शिवताना अंगुस्तान घाला. त्या हाताला सुई टोचलीच तर जागा साबणाने धुऊन लक्ष ठेवा. लाली पसरू लागली, हात गरम लागू लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

रक्ताच्या रिपोर्टचाही विचार करावा लागतो. बहुतेक केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. या काळात कुंडीतली माती, सुकलेली पानं-फुलं, जुन्या ट्रंकेतलं कुबट कापड यांच्यात हात घालू नका, त्यांत बुरशी असते. अनेकांनी हाताळलेले रंग आणि ब्रशही नकोत. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेला तर काम ठेवून द्या आणि रुग्णालयाला फोन करा. पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबू नका. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असतील तर कटर, टोकदार सुया, ठसे कोरायची (लिनोकटची) हत्यारं बंद. बोथट सुई आणि जाळीचं कापड घेऊन टाके घालता येतात.

राहिला वास. केमोत नाक फार तिखट होतं. तेलरंग, टर्पेंटाइन, स्प्रेचा गोंद, मार्कर पेन यांनी मळमळ वाढते. पाण्यात विरघळणारे रंग आणि साधा पांढरा गोंद ठीक. सुगंधी धागे, सुगंधी मेण, सुगंधी काहीही घरात आणू नका. शिवाय केमोच्या दिवशी ज्याचा वास आला, त्याचा तिटकारा पुढे कित्येक महिने मनात बसू शकतो.

दिवसाप्रमाणे काम

उपचारातले सगळे दिवस सारखे नसतात. ज्यांना केमोबरोबर डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड मिळतं, त्यांना त्या रात्री आणि बहुधा पुढच्या रात्रीही झोप लागत नाही, आणि अंगात उगाचच हुशारी येते. तिच्या भरवशावर मोठं काम मांडून बसू नका. हुशारी दोन दिवसांत ओसरते आणि टेबलावर पसारा राहतो. अशा रात्रीसाठी एकसुरी काम हाताशी ठेवा : सुलट टाक्यांची लांब पट्टी, किंवा कापडावर धावदोऱ्याच्या ओळी.

रुग्णालयात नेण्यासाठी वेगळी लहान पिशवी करा. तिच्यात एकच काम, एकच धाग्याचा गुंडा, बोथट टोकाची लहान कात्री आणि तोंड बंद होणारी एक प्लास्टिकची पिशवी. सलाईन कुठल्या हाताला लावणार ते आधी विचारा. सुई मनगटात किंवा कोपराच्या वळणात असेल तर विणायला जाऊ नका. सुई हलते, शीर सुजते, आणि काही केमो औषधं शिरेबाहेर गेली तर कातडीला मोठी इजा करतात. छातीत पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली लहान डबी, असेल तर दोन्ही हात मोकळे असतात. एक हात अडकलेला असेल तर वहीत रेघोट्या, ठिपके, रंगीत पेन्सिली एवढंच.

अंग गळून गेल्याच्या दिवशी काहीच करू नका. फार तर रंगीत धाग्यांचा डबा मांडीवर घेऊन धागे निवडत बसा.

केमोने विसराळूपणाही येतो. ज्या बाईने आयुष्यभर न मोजता विणलं, तिलाही टाके मोजताना तिसऱ्यांदा चुकायला होतं आणि रडू फुटतं. याला इलाज सोपा आहे. प्रत्येक फेरीला एकच नियम असेल असा नमुना घ्या. फेरी जिथे सुरू होते तिथे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवा. हातातलं काम ठेवताना ‘सातवी फेरी झाली, सुई ४ नंबर’ असं कागदावर लिहून तो कागद कामातच खोचा. उद्या आठवेल या भरवशावर राहू नका.

सुरुवात कशाने करावी, असं विचारलं तर माझं मत ठाम आहे : उसवता येईल अशा कामाने. विणकाम, क्रोशे, धावदोरा. चित्र बिघडलं की बिघडतं आणि मन आधीच हळवं असतं. विणकाम उसवलं की धागा जिथल्या तिथे परत. नवशिक्या माणसाने या काळात लाकडावर कोरीवकाम वगैरे शिकायला जाऊ नये. पूर्वी येत असलेलं, हाताला सवय असलेलं काम सगळ्यांत चांगलं.

पहिले काही आठवडे जे कराल ते कोणाला दाखवू नका, निदान फोटो तरी टाकू नका. फोटो टाकला की ‘वा, किती सुंदर, मलाही एक कर ना’ सुरू होतं. माणसं प्रेमानेच म्हणतात, पण ती ऑर्डर असते.

सोबतीला असणाऱ्यांसाठी एवढंच : सामान आणून द्या, सुई ओवून द्या, धाग्याचा गुंता सोडवून द्या, आणि ‘आज किती झालं?’ हे विचारू नका. स्वतःसाठीही काहीतरी घ्या. वेटिंग रूममध्ये तुमचेही तास जातात आणि तुमच्या चिंतेची नोंद कुठल्याच फाइलमध्ये होत नाही.

दुसऱ्यासाठी : केमोची टोपी

केस गळायला बहुधा पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात होते, तीही सगळ्याच औषधांनी नाही. गळताना टाळू दुखते, इतकी की उशीला डोकं टेकवणं नकोसं होतं. म्हणूनच ही टोपी साध्या थंडीच्या टोपीसारखी करून भागत नाही. आतून गाठ नको, शिवण नको, टोचणारा धागा नको.

धागा मऊ सुती, बांबूचा किंवा मऊ ॲक्रिलिकचा घ्या. मेंढीची खरखरीत लोकर, मोहेर, जरीचा किंवा केसाळ फॅन्सी धागा टाळा. दुकानात गुंडा बोटांनी चाचपून काही कळत नाही, बोटं निबर असतात. घरी आणून तो गळपट्टीच्या आत, मानेला लागेल असा वीसेक मिनिटं ठेवा. जरा जरी खाजलं तर त्याची टोपी करू नका, दुसरं काही करा.

माप असं. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५७ सेंटीमीटर असतो. टोपी ताणली जाते, शिवाय डोक्यावर केसांची जाडी नसते, म्हणून न ताणता घेर ५० सेंटीमीटरच्या आसपास हवा. टोपीचा वरचा भाग म्हणजे एक सपाट चकती. घेराला ३.१४ ने भागलं की चकतीचा व्यास मिळतो. ५० चा व्यास सुमारे १६ सेंटीमीटर. हा हिशेब एकदा कळला की छापील नमुन्याची गरज राहत नाही. मूल असो की मोठं माणूस, डोक्याचं माप घ्या, त्यातून चार-पाच सेंटीमीटर वजा करा आणि भागाकार करा.

मध्यम जाडीचा धागा, ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई. साधारण १०० ग्रॅम धागा जवळ ठेवा. खांबाच्या, म्हणजे उंच टाक्याने टोपी लवकर होते, पण मध्ये फटी राहतात आणि त्यांतून टाळू दिसते. बऱ्याच जणींना नेमकं तेच नको असतं. त्याहून बुटका आणि दाट टाका, म्हणजे अर्धा खांब, घ्या.

१. साखळ्यांचा गोल करू नका, मध्ये भोक राहतं. धाग्याचाच सैल फास करून त्यात १० अर्धे खांब विणा आणि टोक ओढून फास आवळा.

२. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे २०. तिसरीत एक साधा आणि पुढच्यात दोन, असे ३०. चौथीत दोन साधे आणि तिसऱ्यात दोन, असे ४०. पुढे दर फेरीला १० वाढवत चला.

३. दर फेरीनंतर चकती टेबलावर ठेवा. कडा लाटांसारखी दुमडत असेल तर टाके जास्त होताहेत, एक फेरी न वाढवता विणा. वाटीसारखी वर येत असेल तर टाके कमी पडताहेत किंवा तुमचा हात घट्ट आहे. सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या.

४. चकती १६ सेंटीमीटर झाली की वाढवणं बंद. आता प्रत्येक टाक्यात एकच. मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत टेप धरा. २१ सेंटीमीटरच्या आसपास आलं की लांबी पुरे. केस नसल्यावर कानांच्या वर आणि मानेवर गार लागतं, तेव्हा एक सेंटीमीटर जास्त झालेलं चालेल, कमी नको.

५. शेवटच्या दोन फेऱ्या मुक्या खांबाच्या, म्हणजे अर्ध्या खांबाहूनही बुटक्या टाक्याच्या, सैल हाताने. झाल्यावर कड दोन्ही हातांनी ताणून टेपवर धरा. ती ५६-५७ पर्यंत सहज जायला हवी. जोर लावावा लागत असेल तर त्या दोन फेऱ्या उसवा. घट्ट कडेने कपाळावर वळ उठतो.

६. धाग्याचं टोक किमान १५ सेंटीमीटर ठेवून कापा आणि गाठ न मारता, बोथट सुईने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे असं टाक्यांतून ओवा. आतून बोट फिरवा. बोटाला काही लागलं तर टाळूला दसपट लागेल.

रंगाबद्दल. स्तनाच्या कॅन्सरची खूण म्हणून गुलाबी टोपी विणण्याचा मोह फार जणांना होतो. पण टोपी घालणाऱ्या प्रत्येकीला आपला आजार डोक्यावर मिरवायचा नसतो. बाजारात, ऑफिसात, मुलाच्या शाळेत जाताना कुठल्याही कपड्यावर चालेल अशी काळी, राखाडी, गडद निळी टोपी हवी असते. पुरुषांनाही केमो होते आणि त्यांच्या मापाच्या साध्या टोप्या देणगीच्या ढिगात नेहमी कमी असतात. लहान मुलांच्या टोपीला मणी, बटणं, लोंबते गोंडे लावू नका.

झोपताना घालायची टोपी मात्र विणलेली नसावी. मऊ होजिअरी कापडाची, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून शिवलेली साधी टोपी चांगली. जुन्या, चांगल्या स्थितीतल्या टीशर्टचीही होते, घरच्या माणसासाठी. सकाळी उशीभर केस बघावे लागत नाहीत, ते टोपीतच राहतात आणि झटकून टाकता येतात, हा तिचा मोठा उपयोग.

काखेतली उशी

स्तनाच्या किंवा काखेच्या शस्त्रक्रियेनंतर हात अंगाला टेकवता येत नाही आणि अधांतरीही धरवत नाही. त्यासाठी हृदयाच्या आकाराची उशी करतात. आकार शोभेसाठी नाही. खाच काखेत बसते, एक पाळ पुढे येते आणि एक मागे. गाडीत सीटबेल्टखालीही तीच धरता येते.

सुती कापड आधी धुऊन आटवून घ्या. कागद दुमडून अर्ध्या हृदयाचा साचा कापा. उघडल्यावर रुंदी ३५ ते ४० सेंटीमीटर. पत्त्यांतल्या बदामासारखा बसका आकार करू नका. पाळ्या लांबट ठेवा आणि खाच खोल. कापडाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून एक सेंटीमीटरवर शिवा, सरळ बाजूला हात जाईल एवढी जागा उघडी सोडा. खाचेत दोनदा टीप मारा आणि टिपेपर्यंत, टीप न कापता, कापडाला चीर द्या. ही चीर दिली नाही तर उलटल्यावर खाचेत सुरकुत्या गोळा होतात आणि त्याच नेमक्या जखमेला लागतात. वळणांवर लहान काप द्या, उलटा, आणि धुता येणारा पॉलिएस्टरचा भराव घाला. १५० ते २०० ग्रॅम पुरेसा होतो. आपल्याला वाटतं उशी टम्म हवी; टम्म उशी हाताला ढकलते. दाबल्यावर सहज बसली पाहिजे. तोंड हातशिलाईने बंद करा.

शस्त्रक्रियेनंतर अंगातून बाहेर आलेल्या नळीची बाटली अडकवायला कापडी पिशवीही लागते. गळ्यात किंवा कमरेला बांधायची साधी पिशवी आहे, पण बाटल्या वेगवेगळ्या आकाराच्या असतात. वॉर्डमधल्या नर्सकडून माप घेतल्याशिवाय कापड कापू नका. स्तन काढल्यानंतर ब्राच्या आत ठेवण्यासाठी सुती धाग्याचे विणलेले, हलके गोळेही करतात. ते जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच वापरायचे असतात, हे देताना सांगायलाच हवं.

द्यायच्या आधी

विणण्याआधी फोन करा. बऱ्याच रुग्णालयांत वस्तू कोणाकडे द्यायच्या हे ठरलेलं असतं. बोन मॅरो ट्रान्सप्लान्टच्या विभागात बाहेरच्या वस्तूंवर कडक बंधनं असतात. चाळीस टोप्या घेऊन दारात उभं राहिल्यावर ‘आम्हाला सध्या उश्या हव्या होत्या’ हे ऐकायला लागू नये.

प्रत्येक वस्तू बिनवासाच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि एकेक वेगळ्या स्वच्छ पिशवीत बंद करा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर धाग्याला तो वास राहतो. मांजर-कुत्र्याचे केसही तपासा. धागा कशाचा, मशीनमध्ये धुतला तर चालेल का, हे छोट्या कागदावर लिहा. आणि वस्तू दिल्यावर घेणाऱ्याचा टोपी घातलेला फोटो मागू नका. कोणी आपणहून पाठवला तरी तो पुढे टाकण्याआधी विचारा.

सोबतची चिठ्ठी

आता जनजागृती. इथे मला शार्लट हेली यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात राहणाऱ्या या बाईच्या घरात स्तनाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने घरीच पीच रंगाच्या रिबिनी करून वाटायला सुरुवात केली. पाच रिबिनींबरोबर एक कार्ड असे. राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वार्षिक बजेट १.८ अब्ज डॉलर आहे, त्यातले फक्त ५ टक्के प्रतिबंधावर खर्च होतात, ही रिबीन लावून लोकप्रतिनिधींना जागं करा, असा त्यावरचा मजकूर. १९९२ मध्ये एका मासिकाने आणि एका प्रसाधन कंपनीने तिच्याबरोबर काम करायची तयारी दाखवली. याचा धंदा होईल म्हणून तिने नकार दिला. मग त्या मासिकाने वकिलांच्या सल्ल्याने रंग बदलला आणि गुलाबी रिबीन जगभर गेली. कार्ड मात्र मागेच राहिलं.

माझ्या मते हातकामातून जनजागृती करणाऱ्याने ते कार्ड परत आणावं. गुलाबी रिबीन सगळ्यांना ओळखू येते; काखेत गाठ लागली तर काय करायचं, हे त्या रिबिनीवरून कळत नाही. म्हणून प्रदर्शनात ठेवायची, भेट द्यायची, विकायची प्रत्येक वस्तू चिठ्ठीसकट द्या. एक अपवाद : जी टोपी रुग्णालाच जाणार, तिच्यात लक्षणांची यादी घालू नका. त्याला ती पाठ असते. तिथे ‘माप बसलं नाही तर दुसऱ्या कोणाला द्या’ एवढं पुरतं.

चिठ्ठी एका कॅन्सरची, चार-पाच ओळींची. स्तनासाठी असं लिहिता येईल : ‘स्तनात किंवा काखेत नवी गाठ, कातडीला खळगा, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्तासारखा स्राव यांपैकी काही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पुरुषांनाही हा कॅन्सर क्वचित होतो.’ तोंडासाठी : ‘तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तर दाखवा. तंबाखू कुठल्याही रूपात सोडा.’ गर्भाशयमुखासाठी : ‘पाळी कायमची गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त गेलं तर तपासून घ्या. मुलींना एचपीव्ही या विषाणूवरची लस द्या.’ या शेवटच्या कॅन्सरबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंतचं लक्ष्यच आकड्यांत ठरवलं आहे : ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी, ९० टक्के आजारी स्त्रियांना उपचार. भिंतीवर लावायच्या मोठ्या भरतकामाला याहून चांगला मजकूर शोधून सापडणार नाही.

मजकूर छापण्याआधी एका डॉक्टरकडून वाचून घ्या. ‘सकारात्मक राहा, कॅन्सर हरेल’ असली वाक्यं घालू नका. ज्याचा आजार परत आला त्याला ती आरोपासारखी लागतात. ‘योद्धा’ हा शब्द काही जणांना आवडतो, काहींना अजिबात नाही. त्यांना विचारा, आणि विचारता येत नसेल तर नुसतं नाव लिहा.

दिवस गाठायचा असेल तर ४ फेब्रुवारी हा जागतिक कॅन्सर दिन, सप्टेंबर लहान मुलांच्या कॅन्सरचा, ऑक्टोबर स्तनाच्या कॅन्सरचा. ऑक्टोबरमध्ये सगळीकडे गुलाबी असतं. हात मोकळे असतील तर सप्टेंबरसाठी सोनेरी, म्हणजे मुलांच्या कॅन्सरच्या रंगाचं, काहीतरी करा. मुलांच्या कॅन्सरची ओळख करून द्यायला माणसं कमी आहेत.

सामूहिक काम करायचं असेल तर लहान चौकोन वाटा, २० बाय २० सेंटीमीटरचे, आणि जोडून मोठी गोधडी करा. एड्सच्या स्मृतीसाठी १९८७ मध्ये अमेरिकेत अशीच गोधडी सुरू झाली; त्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. चौकोन लहान असला की थकलेला माणूसही एक पुरा करू शकतो, आणि नाही झाला तर दुसरा कोणी त्यात चार टाके घालतो. कडेला दोन सेंटीमीटर कापड रिकामं सोडायला सगळ्यांना सांगा, नाहीतर जोडताना कोणाचं तरी नाव शिवणीत जातं.

पैसे उभे करायचे असतील तर

गुलाबी रिबिनीच्या नावावर माल खपवण्याला इंग्रजीत ‘पिंकवॉशिंग’ म्हणतात, आणि ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन या अमेरिकी संस्थेने २००२ मध्ये याविरुद्ध मोहीम सुरू केली. त्यांचे प्रश्न घरगुती विक्रीलाही लागू पडतात : पैसे कोणाला जाणार, किती जाणार, आणि ज्याला द्यायचे ते त्याचं काय करणार? ‘उत्पन्नाचा काही भाग’ हे शब्द वापरू नका. ‘विक्रीतून धाग्याचा खर्च वजा जाता उरलेले सगळे पैसे अमुक निधीला’ किंवा ‘प्रत्येक टोपीमागे इतके’ असं लिहा. संस्थेचं नाव वापरण्याआधी तिची लेखी परवानगी घ्या. धाग्याची बिलं जपून ठेवा, विक्री संपली की जमा-खर्चाचा कागद आणि देणगीची पावती जिथे वस्तू विकल्या तिथेच लावा. स्वतःच्या कष्टाचा मोबदला घ्यायचा असेल तर तोही बिनदिक्कत घ्या, उपचारांनी घर रिकामं होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त तो आकडाही त्याच कागदावर असू द्या.